मामाचा खाऊ

शाळेच्या मैदानावर चेंडू एकच होता आणि तो बापाच्या कमाईचा असल्यासारखा पोरांकडेच असायचा. पोरं दमून टाकीवर पाणी प्यायला गेली की तेवढ्या वेळात पोरींनी खेळून घ्यायचं. पाणी पिऊन, तोंडं पुसून पोरं परत आली की, "चला, व्हा बाजूला." सुट्टी लागायच्या दिवशी बारकी बाजूला झालीच नाही. चेंडू पोटाशी घट्ट धरून व्हॉलीबॉलच्या जाळीखाली फतकल मारून बसली. मग एकानं तिची वेणी ओढून तिला उभं केलं, दुसऱ्यानं तिची बोटं उचकटून चेंडू काढून घेतला आणि वर शहाणपण शिकवलं, "एवढी हौस असेल तर स्वतःचा आणा की. पैसे टाकून."

बोलला ते बरोबरच होतं म्हणा. पण वेणीची मुळं पुढे चार दिवस ठणकत होती.

बारकी अंगानं बारकी. वयाचं तेरावं सरत आलं होतं. तिच्या बरोबरची लांबी खरोखरच लांब होती, जाळीपाशी नुसती उभी राहिली तरी समोरच्याला धडकी भरायची. आणि दोघी बहिणी होत्या, त्यांना सगळे जोडगोळी म्हणायचे, कारण एकीला हाक मारली की दोघी यायच्या. या चौघींनी तिथंच मैदानाच्या कडेला ठरवलं: चेंडू घ्यायचा. आपला. पोरांना त्याला बोटसुद्धा लावू द्यायचं नाही.

बारकीनं आधी घरी विचारून पाहिलं. बाप गवंडी. यंदा पाण्याची अशी बोंब होती की प्यायचं पाणीच टँकरनं यायचं, मग नव्या भिंतींवर पाणी मारणार कोण? सगळी बांधकामं अर्धवट उभी होती आणि बाप उंबऱ्यात बसून होता. थापी स्वच्छच होती, तरी तो रोज ती विटेच्या तुकड्यानं घासायचा.

"बाबा, आम्हाला चेंडू घ्यायचाय. चौघी मिळून."

"घ्या की."

"पैसे लागतील."

बापानं थापी उन्हात धरून तिची धार बघितली. "चेंडू. छान आहे. आणि रात्री ताटात काय वाढायचं? चेंडू?"

समोरच्या कट्ट्यावर न्हावी बसला होता. त्याला हे फार आवडलं. दिवसभर जो येईल त्याला तो सांगत होता, "आज गवंड्याकडे चेंडूची भाजी आहे." बारकी त्या कट्ट्यावरून जायची बंद झाली. लांबच्या गल्लीनं वळसा घालून पाण्याची कळशी आणायला लागली आणि मनात म्हणायची, थांब, चेंडू आणते आणि तुझ्याच कट्ट्यावर आपटते.

मग चौघींनी कमवायचं ठरवलं. आता तेराव्या वर्षी माणसानं कमवायचं म्हणजे काय करायचं? शिंपिणीचं तान्हं पोर सांभाळलं. तिनं जाताना गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि "गुणाच्या गं माझ्या" म्हणाली. गुणांवर चेंडू मिळत नाही. ओढ्यातल्या काचेच्या बाटल्या गोळा करून भंगारवाल्याकडे नेल्या. तो म्हणाला, हे तर माझ्याच पोत्यातलं दिसतंय, आणि ठेवून घेतल्या. गिरणीवाल्याचं आवार झाडलं. तो म्हणाला, "चांगली सवय आहे, रोज येत जा." मोठ्या माणसानं काम केलं की त्याला कामाचं मोल मिळतं. लहानानं केलं की त्याला वळण लागतं. हा असा सगळा फुकटचा कारभार.

शेवटी चौघी मामाकडे गेल्या.

मामा म्हणजे गावाबाहेरच्या रोपवाटिकेचा मालक. त्याला लहानथोर सगळेच मामा म्हणायचे. तो नक्की कुणाचा मामा होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्यानं कुणाकुणाला मामा बनवलं होतं ते विचारलं असतं तर हात वर करायला अर्धा गाव उभा राहिला असता. आवाज लोण्यासारखा. रागावणं त्याला ठाऊकच नव्हतं. रागवायची वेळ नेहमी समोरच्यावर यायची, आणि रागावलेला माणूस आपोआप वाईट दिसतो.

"काम?" मामा डोळे मोठे करून म्हणाला. "अगं, हे काय तुमचं कामाचं वय आहे? खेळायचे दिवस तुमचे."

"खेळायलाच हवंय," बारकी म्हणाली. "चेंडू घ्यायचाय."

"अरे वा! मग या की. तिकडे सावलीत बसायचं, मजेत पिशव्या भरायच्या. मामा कुणाला रिकाम्या हातानं धाडतो का? सगळं संपलं की मस्तपैकी खाऊ देईन. चौघींना सारखा."

लांबी जरा धीट. "खाऊला किती द्याल?"

मामाचा चेहराच उतरला. "भाच्या असून मामाशी हिशोब करता? बरं नाही दिसत गं ते."

लांबीनं जीभ चावली. बाकीच्या तिघींनी तिला कोपरानं ढोसलं. खाऊ म्हणजे काय हे काय सांगायला हवं? घरी पाहुणा येतो, निघताना पोरांच्या हातावर नोट ठेवतो आणि म्हणतो, खाऊला घे. ती नोट काय कुणी चावून खातं? बाईला मिळते ती मजुरी, पोराला मिळतो तो खाऊ. नाव वेगळं, एवढंच. असं चौघींना वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी उन्हं चढायच्या आत चौघी तिथं हजर. आवाराच्या मागच्या बाजूला माती, वाळू आणि शेणखताचे ढीग होते. आधी माती चाळायची. लोखंडी चाळण तिरपी उभी करून फावड्यानं माती तिच्यावर फेकायची. बारीक पलीकडे पडते, खडे अलीकडे, आणि धूळ सगळी नाकात. मग तिन्ही मिसळून मामाच्या विहिरीचं थोडं पाणी शिंपडायचं. कोरडी राहिली तर पिशवी ढिली भरते, जास्त ओली झाली तर चिकटते. आणि मग बसायचं काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन.

पिशवी भरायची रीत बारकीला ठाऊक होती. आईनंच शिकवली होती, दोन वर्षांमागे, घरच्या तुळशीला माती घालायच्या निमित्तानं असावं, की नुसतंच, सहज. पिशवीचं तोंड तळव्यांत चोळून उघडायचं. आत बोट घालून बुडाचे दोन्ही कोपरे आत दुमडायचे. ते दुमडले नाहीत तर पिशवी दारुड्यासारखी कलंडते. मग डबड्यानं थोडी माती, मुठीनं दाब. पुन्हा माती, पुन्हा दाब. जमिनीवर दोनदा आपट. वर बोटभर जागा पाण्याला मोकळी. मग ओळ सरळ यावी म्हणून ताणलेल्या दोरीला लावून वाफ्यात उभी करायची. पुढची घ्यायची.

पहिल्या दिवशी गंमत वाटली. जोडगोळी गाणी म्हणत होती. दुसऱ्या दिवशी बोटांची टोकं सोलवटली. नखांच्या कडांत माती शिरली आणि जेवताना तिखट लागलं की बारकी हात झटकत उभी राहायची. उकिडवं बसून गुडघे असे धरायचे की उठताना लांबी आधी हात टेकायची, मग एक पाय, मग दुसरा, म्हातारीसारखी. थुंकलं तर काळं पडायचं. सावलीत बसायचं हे खरं, पण सावली दुपारी भिंतीबरोबर निघून जायची आणि पोरी तिथंच राहायच्या. मामा मधूनच येऊन कौतुक करायचा. "काय हात आहेत! बायकांना नाही जमत असं." बारकी खूश व्हायची आणि आणखी भरभर भरायची. या वयात कौतुकाला भुलतो माणूस. मामाला ते चांगलं माहीत होतं.

घरी आई वेगळ्याच काळजीत होती. दरवर्षी या दिवसांत तिला आणि थोरल्या काकूला मामाचं बोलावणं यायचं. चांगलं महिनाभराचं काम, शेकड्यावर मजुरी. यंदा गवंडीकाम बंद, म्हणजे घराचा सगळा भार त्या बोलावण्यावर. आणि ते येत नव्हतं.

"तू जातेस ना तिकडे मदतीला? मामाला आठवण कर. म्हणावं, आई आणि काकू वाट बघतायत."

बारकीनं विचारलं. मामा म्हणाला, "कळवतो म्हणून सांग." तिनं तसं सांगितलं. आई म्हणाली, "कळवेल. पिशव्या तर भरायलाच लागतात."

तेव्हाही बारकीच्या डोक्यात उजेड पडला नाही. तो पडला दुसऱ्या दिवशी दुपारी. वाफ्यात पिशवी उभी करताना तिनं मागं वळून बघितलं, तर वाफेच्या वाफे भरलेले, काळ्या पिशव्यांच्या सरळ ओळी पार कुंपणापर्यंत. आणि तिच्या मनात आलं, आई आली की तिला भरायला उरणार काय? हातातलं डबडं तसंच राहिलं. मग तिनं स्वतःलाच सांगितलं, मामाकडे आणखी काम असेल. असणारच.

आई बोलावण्याची वाट बघून कंटाळली आणि काकूला घेऊन आपणच आली. फाटकातून आत येऊन दोघी वाफ्यांशी उभ्या राहिल्या. आईनं वाकून एक पिशवी उचलली, उलटी करून बूड बघितलं. आत दुमडलेले कोपरे. तिनं पिशवी परत जागेवर ठेवली, अगदी दोरीला लावून.

"मामा, आमचं काम पोरींना दिलंत?"

"काम?" मामा हसला. "ताई, ती पोरं आहेत. काम कुठं करतायत? मातीत खेळतायत. सुट्टी आहे, येतात. खेळणाऱ्या पोरींना मी हाकलून देऊ का? तुम्हीच सांगा."

काकू काही बोलायला गेली. आईनं तिचा दंड धरला. काय बोलणार? आपल्याच पोरीची तक्रार करणार? मामानं गोड आवाजात आणखी सांगितलं, की गाडी यायची आहे मोठी रोपं न्यायला, त्या दिवशी गाडी भरायला नक्की या, तुमच्याशिवाय कोण आहे मला. एका दुपारचं काम. आई बारकीकडे न बघता गेली.

घरी मात्र बघितलं. बारकी कळशी टेकवत होती, तेवढ्यात आईनं तिचे दोन्ही हात धरले आणि पालथे केले. सोललेली बोटं बघितली. बारकीला वाटलं, आता ही हळद लावेल.

"पोटची पोर तू," आई म्हणाली, "आणि माझ्याच पोटावर पाय देतेस? मी शिकवलेलं माझ्यावरच चालवलंस?"

"मला काय माहीत होतं! तो म्हणाला—"

"दिसत नव्हतं? डोळे कुठं गहाण ठेवले होते? एका चेंडूसाठी!"

"सारखं चेंडू चेंडू काय! मला काही मागायचं नाही का कधीच?" बारकी ओरडली. रडू येत होतं, पण त्याहून राग येत होता, आणि तो नेमका कुणाचा ते कळत नव्हतं. "मी नाही जाणार उद्यापासून."

"आणि केलेलं सोडून देणार? तेवढी अक्कल नको पाजळूस. संपत आलंय ना? मग पुरं कर आणि घे त्याच्याकडून काय ते."

बाप उंबऱ्यातून म्हणाला, "मिळाले की माझ्याकडे आणून द्यायचे. हरवशील."

आईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून थापी शोधायला लागला. थापी त्याच्या हातातच होती.

उरलेले दिवस बारकी दात आवळून गेली. जोडगोळीनं गाणं म्हणायला सुरुवात केली की तिच्या अंगावर खेकसायची. लांबीला तिनं सगळं सांगितलं. लांबी म्हणाली, "अर्धे तुझ्या आईला देऊ. चेंडू जरा स्वस्तातला घेऊ." बारकीला तिचा फार आधार वाटला.

शेवटचा वाफा भरून झाला त्या दुपारी गाडीही येऊन उभी होती. आई, काकू आणि आणखी दोघीतिघी बायका डोक्याला फडकी बांधून मोठी रोपं उचलत होत्या. मामानं पिंपात बी भिजत घातलं होतं. उद्या सकाळीच ते नव्या पिशव्यांत टोकायचं होतं. मामा फार खुशीत होता. त्यानं चौघींना बोलावलं. चौघींनी हात धुतले, फ्रॉकला पुसले आणि ओळीनं उभ्या राहिल्या. लांबीनं जोडगोळीतल्या धाकटीचे केससुद्धा सारखे केले.

मामा आत गेला आणि बाहेर आला. हातात बिस्किटांचे पुडे होते.

एकेकीला एकेक पुडा. वर मूठभर गोळ्या, रंगीत कागदातल्या.

धाकटीनं पुडा उलटापालटा करून बघितला, खाली कुठं नोट चिकटवली आहे की काय. बारकीचा हात तसाच पुढे होता.

"मामा, पैसे?"

"कसले पैसे?"

"पिशव्यांचे."

"अगं वेडाबाई, मी काय म्हणालो होतो? खाऊ देईन. मग हा काय दगड आहे? क्रीमची आहेत, साधी नाहीत." त्यानं गाडीवाल्याकडे बघून डोळा मारला. "आजकालची पोरं! खाऊ दिला तर पैसे मागतात."

गाडीवाला हसला. अगदी तसाच, न्हाव्यासारखा.

बारकीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आणि गंमत अशी, की इतके दिवस ज्याचा पत्ता लागत नव्हता तो राग एकदम आपल्या जागी जाऊन बसला. आईवरचा गेला, बापावरचा गेला, स्वतःवरचासुद्धा बराचसा गेला. समोर मामा उभा होता, लोण्यासारखा.

तिनं पुडा आणि गोळ्या त्याच्या पायाशी ठेवल्या. फेकल्या नाहीत, ठेवल्या. मग पहिल्या वाफ्याशी जाऊन बसली, एक पिशवी उचलली आणि उलटी केली. माती धप्पकन खाली पडली. पिशवी झटकून, घडी करून बाजूला ठेवली. दुसरी घेतली.

"ए! ए! काय चाललंय?"

"माती तुमची," बारकी म्हणाली. "पिशव्या तुमच्या. भरणं आमचं होतं. आमचं तेवढं परत नेतोय."

लांबीला एवढं पुरलं. पुडा टाकून ती दुसऱ्या टोकाला बसली. जोडगोळी बसली; धाकटीनं आधी एक गोळी तोंडात घातली, आणि मोठीनं टपली मारल्यावर ती काढून परत कागदात गुंडाळली. भरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या पावपटही उलटायला लागत नाही. ओळीच्या ओळी आडव्या व्हायला लागल्या.

मामाला रागावता येत नव्हतं ही समजूत त्या दिवशी खोटी ठरली. त्याचा तोल सुटला. "कारट्यांनो! नुकसान कोण भरणार? बी भिजलंय माझं!" तो धावत आला आणि बारकीचा दंड धरून त्यानं तिला अर्धी उचलली. दुसरा हात वर गेला.

"मामा."

आई होती. हातातलं रोप तिनं गाडीवर न चढवता खाली ठेवलं होतं. मागं काकू आणि बाकीच्या बायका कामं थांबवून उभ्या. गाडीवाला हसायचा थांबला.

"बरं झालं आलीस, ताई," मामा धापा टाकत म्हणाला. वर गेलेला हात त्यानं डोकं खाजवायला म्हणून वापरला. "आवर तुझ्या पोरीला. सगळं काम मोडलं माझं."

आई जवळ आली. बारकीच्या दंडावरची त्याची बोटं तिनं एकेक करून सोडवली.

"काम कुठलं, मामा?" ती म्हणाली. "पोरं आहेत ती. मातीत खेळतायत."

काकू पुढे आली, वाफ्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "किती दिवसांत खेळले नाही बाई मी." गाडी अर्धी रिकामी उभी होती आणि बायका एकेक करून गाडीकडची वाट सोडून वाफ्याकडे येत होत्या.

"उद्यापासून पाऊल टाकू नका इथं!" मामा ओरडला. "एकीनंही!"

"यंदा तरी कुठं बोलावलं होतंत पिशव्या भरायला," आई म्हणाली.

तिला ठाऊक होतं, काय गेलं ते. या वर्षीचं गेलं, पुढचंही गेलं, आणि गाडी भरायची आजची मजुरीही हा माणूस आता बुडवणार. चेंडू तर केव्हाच गेला होता. तिचा चेहरा रागानं काळवंडला होता आणि बारकीला वाटलं, आता मला एक बसणार.

आई तिच्या शेजारी उकिडवी बसली. बारकी घाईघाईनं पिशवी ओढत होती, तिच्या हातावर तिनं चापट मारली.

"अशी ओढू नकोस, फाटेल. फाटली तर तिचे पैसे मागेल तो. कोपरे आधी बाहेर काढ, मग उलटी कर."

बारकीनं कोपरे बाहेर काढले आणि पिशवी उलटी केली.